किडनीचं ताट

फेलेतीच्या पोटात त्याच्या थोरल्या बहिणीची किडनी आहे, आणि आम्हा टोंगाच्या माणसांत भावाने बहिणीच्या देहाबद्दल तोंडातून चकार शब्द काढायचा नसतो. आता करा काय करायचं ते.

हे सांगितलं की दवाखान्यातले गोरे हसतात. हसू देत. त्यांच्यात बहीणभाऊ एका सोफ्यावर तंगड्या पसरून टीव्ही बघतात. आमच्यात बहीण खोलीत आली की भाऊ उठून बाहेर जातो. घाबरून नाही, मान म्हणून. बहीण लहान असो की मोठी, तिचा पाट भावाच्या पाटापेक्षा वर. तिच्यासमोर थट्टा नाही, शिवी नाही, दुखण्याखुपण्याची बोलणी तर नाहीतच. आणि थोरली बहीण म्हणजे घराण्याचा कळस. भावाच्या पोरांच्या लग्नात, वाढदिवसात, मयतीत सगळ्यांत उंच जागी तीच बसणार. चटयांतली सगळ्यांत जुनी, सगळ्यांत मऊ चटई तिची. भावाच्या घरातलं तिला जे आवडेल ते तिने न्यावं, घराने ‘का’ म्हणू नये.

लोसालिने ही अशी थोरली बहीण. मांगेरेत, म्हणजे गोऱ्यांच्या देशातल्या आमच्या वस्तीत, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहते, म्हाताऱ्यांच्या आश्रमात चादरी धुते, नवरा कधीच वारला. फेलेती तिचा धाकटा भाऊ, माझ्या समोरच्या घरात. त्याची बायको सेला माझी मैत्रीण. मी एसेता. मी दुसऱ्या बेटावरची, त्यांच्या रक्ताची नाही, म्हणून मला भावाशीही बोलता येतं आणि बहिणीशीही. त्यांचे निरोप माझ्या तोंडून जातात. टपालपेटीचं काम, पण ही टपालपेटी चावते, हे गल्लीला ठाऊक आहे.

फेलेती कत्तलखान्यात सुरीवर होता. तिथे सुरीवर असणं म्हणजे मान. अख्खी मेंढी टांगलेली यायची आणि हा बोलता बोलता तिची वाटणी करायचा. मांड्या बोटीने श्रीमंत देशांना, फासळ्या हॉटेलांना, आणि पोटाच्या चरबट पट्ट्या, ज्यांना इथले लोक मांस म्हणायलाही तयार नसतात, त्या खोक्यात गोठवून आमच्या बेटांवर. स्वस्त, म्हणून आमच्या आयांनी त्या घेतल्या. आणि आयांनी वाढलं ते सणाचं जेवण झालं. मी ह्यावर वस्तीच्या सभेत गळा फाटेपर्यंत बोलले आहे. फेलेती शेवटच्या रांगेत बसून म्हणायचा, “एसेता, मी इथे पट्टी कापतो, ती बोटीने गावाला जाते, माझी मावशी ती खाते, आजारी पडते आणि विमानाने माझ्याकडे उपचाराला येते. सगळं परत येतं बघ. फक्त मेंढी येत नाही.”

सभा हसायची. माझं भाषण पाण्यात.

मग रक्तदाबाने त्याच्याच किडन्या खाल्ल्या. कळलं तेव्हा उशीर झाला होता, कारण टोंगाच्या पुरुषाला चक्कर आली तर तो म्हणतो ऊन लागलं, मग बाहेर भर हिवाळा का असेना. काही वर्षं डायलिसिसच्या मशीनवर गेली. हाताच्या नसा दोरखंडासारख्या फुगल्या. कोरस गाणारा, सगळ्यांत खालच्या पट्टीचा, चर्चच्या खिडक्या थरथरवणारा माणूस. मशीनवरून आला की त्याला ‘पाणी’ म्हणायचीही ताकद नसायची. आणि पाणीसुद्धा मोजून.

लोसालिने तपासणीला गेली ती कुणाला न सांगता. एक दिवस माझ्या दारात उभी. आत ये म्हटलं तर आली नाही.

“त्या घरी निरोप दे,” ती म्हणाली. “म्हणावं, माझं जुळतंय.”

“काय जुळतंय?”

“तुला कळलंय. उगाच माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस.”

मी निरोप दिला. फेलेती उठला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला. मी मागोमाग गेले. जुन्या टायरवर बसून तळहाताकडे बघत होता.

“ताईच्या अंगावर सुरी? माझ्यापायी?” तो म्हणाला. “मी जन्मभर सुरी चालवली, एसेता. सुरी काय करते ते मला विचार.”

सेला दारातून ओरडली, “मग मर! मी काळं कापड आणून ठेवते. आत्ता सेलमध्ये आहे!”

तो हो म्हणाला तो बायकोच्या ओरडण्याने नाही. ताईने दिलेलं परत करायचं नसतं, म्हणून. हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं ह्याच एका गोष्टीने झालं.

ऑपरेशनच्या आधी किडनीच्या डॉक्टर रॉबिनबाईंनी दोघांना एका खोलीत शेजारी शेजारी खुर्च्या दिल्या, मी मागे उभी. बाई भली आहे, पण तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. फेलेती खिडकीतून पार्किंग बघत होता. लोसालिने पर्सची चेन उघडत होती, लावत होती. बाईंनी बाईमाणसाच्या पोटाचं रंगीत चित्र वर धरलं मात्र, फेलेती उठून सरळ बाहेर.

“ते घाबरले का?” डॉक्टरीण मला म्हणाल्या.

“नाही,” मी म्हटलं. “तो सभ्य आहे.”

ऑपरेशन झाल्यावर त्याला चाकाच्या खुर्चीतून फिरवायला नेत. वाटेत बहिणीची खोली, दार उघडं. फेलेती म्हणायचा, “माझं तोंड भिंतीकडे करा.” नर्सला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. खुर्चीचं एक चाक कुरकुरायचं. ते दारावरून गेलं की आतून लोसालिने मला विचारायची, “गेला?”

“गेला.”

“रंग कसा आहे?”

“तुझ्यापेक्षा बरा.”

“मग ठीक,” म्हणायची आणि डोळे मिटायची.

घरी आल्यावर फेलेतीचा नवाच त्रास. नवी किडनी उजवीकडे, ओटीपोटात बसवतात. हा उजव्या कुशीवर झोपेना. का, तर ताईवर अंग टाकायचं कसं? सेलाने कपाळावर हात मारला. “लग्न माझ्याशी केलं, अंथरुणात वन्सं आल्या!” माझी हसून हसून मुरकुंडी वळली. फेलेती हसला नाही. खरंच उताणा झोपायचा, अजून तसाच झोपतो.

त्याला भूक लागायला लागली. अशी भूक की बघवेना. मशीनवर असताना केळं बंद, बटाटा बंद, नारळ बंद. आता सगळी दारं एकदम उघडली. त्यात नव्या किडनीला शरीराने परकी म्हणून हाकलू नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यांतल्या काही भूक पेटवतात. तोंड पौर्णिमेच्या चंद्रासारखं गोल झालं. गल्लीतले म्हणाले, व्वा, काय तब्येत सुधारली! आमच्यात भरलेला माणूस म्हणजे सुखी माणूस. हाडं दिसली की लोक बायकोला नावं ठेवतात.

आणि मग ताट यायला लागलं.

रविवारी चर्च सुटलं की लोसालिनेची जुनी पांढरी गाडी फेलेतीच्या फाटकासमोर थांबायची. हॉर्न एकदाच. ती उतरायची नाही. सेलाने जायचं, खिडकीतून चांदीच्या कागदाने झाकलेलं ताट घ्यायचं. “हे त्याचं,” लोसालिने सांगायची. त्याचं म्हणजे पोराबाळांचं नाही, तुझंही नाही. ताटात लू. अळूच्या पानांत कांदा, नारळाचं घट्ट दूध आणि मेंढीच्या पोटाच्या त्याच पट्ट्या बांधायच्या आणि जमिनीतल्या भट्टीत दगडांवर सोडून द्यायच्या. उघडलं की पान काळं-हिरवं, आणि वर चरबीचा सोनेरी थर बोटभर. शेजारी डुकराची कुरकुरीत कातडी, अळकुड्या, पुन्हा नारळाचं दूध. वास असा की मेलेला उठून बसेल. खाल्लं की परत झोपेल.

तपासणीला मी आणि सेला त्याच्याबरोबर जायचो, कारण फेलेती डॉक्टरांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवतो आणि एकही वाक्य घरी आणत नाही.

“किडनी कशी आहे?” त्याने विचारलं.

“किडनी उत्तम,” डॉक्टर रॉबिन म्हणाल्या. “फार सुंदर किडनी आहे ही.”

फेलेतीचे कान लाल झाले. तो छताकडे बघायला लागला.

“पण कोलेस्टेरॉल फार वाढलंय,” त्या म्हणाल्या. “आणि साखर, जी तुम्हाला आधी नव्हती, ती आता दिसायला लागली आहे. किडनी टिकवायच्या गोळ्याच हे करतात. त्या मी बंद करू शकत नाही. म्हणून बाकीचं तुम्ही आवरायचं. जेवण, वजन, चालणं. कोलेस्टेरॉलची गोळी वाढवते, पण ती एकटी पुरणार नाही. नीट ऐका. माझे कितीतरी पेशंट किडनी शाबूत असताना हृदयाने जातात. किडनी चालू असते आणि माणूस नसतो.”

फेलेतीने मान हलवली. लिफ्टमध्ये सेलाला म्हणाला, “ऐकलंस ना? किडनी उत्तम.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं माझं आहे. माझ्या वस्तूचं मी बघीन.”

त्यांनी एक कागदही दिला होता. त्यावर सॅलडचं चित्र, ऑलिव्हचं तेल, अक्रोड, आणि हसणारी गोरी बाई. मी तो परत केला. म्हटलं, ह्या बाईच्या घरी रविवारी नणंद येते का ते विचारा.

पुढच्या रविवारी हॉर्न वाजला तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या स्वयंपाकघरात होते. सेला ताट घेऊन आली आणि ओट्यावर आपटलं.

“आज परत पाठवते मी. सांगते वन्संना, बंद करा.”

फेलेतीचा आवाज चढत नाही, उतरतो. “ते ताट इकडे दे.”

“डॉक्टर काय म्हणाल्या?”

“सेला, बस. समजून घे.” त्याने उजव्या ओटीपोटावर तळहात ठेवला, दाबून नाही, चर्चमध्ये बायबलवर ठेवावा तसा. “हिचा मान माझ्यापेक्षा वर आहे. आहे ना? ही माझ्याकडे राहायला आली. मी फक्त घर. मालकीण ही. ताई ताट पाठवते ते हिच्यासाठी. मालकिणीचं ताट आलं तर घराने दार लावायचं?”

“मग मालकिणीला सांग चरबीपण तिनेच पचवायची!” सेला म्हणाली. “ती कुठे पचवते? चरबी बसते तुझ्या काळजाला!”

“कोलेस्टेरॉलची गोळी घेतो ना मी? एक सुरी आत ठेवलीय कामाला. कापू दे तिला.”

मी म्हटलं, “फेलेती, सुरीवर तूच होतास. एका सुरीने किती मेंढ्या होतात रे पाळीत?”

त्याने माझ्याकडे बघितलं, हसला, प्रार्थनेला डोकं झुकवलं आणि कागद उघडला. सगळं खाल्लं. खाताना त्याचा चेहरा लोभी नव्हता. लोभी असता तर मी हातातून हिसकावलं असतं. चर्चमध्ये भाकरीचा तुकडा जिभेवर ठेवताना असतो तसा चेहरा होता. त्याच्याशी कसं भांडायचं?

आणि बहिणीला काही माहीत नव्हतं. कसं असणार? भावाच्या रक्तातली साखर हा बहिणीच्या कानावर घालायचा विषयच नाही. ती सेलाला विचारायची, “बरं आहे ना?” सेला म्हणायची, “बरं आहे, वन्सं.” नणंदेला दुसरं उत्तर देतात का कुठे?

नाताळच्या गाण्याच्या तालमीत फेलेती खालच्या पट्टीत उतरला आणि तिथेच थांबला. बाकीचे पुढे गेले. मला वाटलं ओळ विसरला. घामाने शर्ट भिजला होता, हात छातीवर. खुर्चीवर बसवलं तर म्हणतो, “ऊन लागलं.” खिडकीबाहेर अंधार पडत होता.

अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. डॉक्टर रॉबिन आल्या आणि ह्या वेळी पलंगाच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, एक रक्तवाहिनी उघडली, दुसरी अरुंद आहे, तिच्यावर औषधाने नजर ठेवायची. मग म्हणाल्या, “लघवीत प्रथिनं उतरायला लागली आहेत. साखर आणि रक्तदाब किडनीपर्यंत पोचलेत. आत्ता पहिला ओरखडा आहे. असंच चाललं तर ही किडनी जाईल. मग पुन्हा मशीन, आणि हे हृदय मशीन सोसेल असं मला वाटत नाही.”

फेलेतीने पहिल्यांदा मान हलवली नाही. “हिला?” तो म्हणाला. “हिला ओरखडा?”

मला वाटलं, आता शुद्धीवर येईल. पण लोसालिनेला घरच्यांनी सांगितलं होतं की त्याच्या छातीत कफ दाटला होता. आजारातून उठलेल्या माणसाला काय लागतं? ताकद. पुढच्या रविवारी हॉर्न वाजला आणि खिडकीतून दोन ताटं आली.

सेला दोन हातांत दोन ताटं घेऊन फाटकात उभी राहून रडत होती. गाडी गेली होती. फेलेती दारात. त्याने ताटं घेतली, टेबलावर ठेवली, कागद काढला नाही.  मला म्हणाला, “एसेता, खाल्लं तर ताईचं हे मरतं. नाही खाल्लं तर ताईचा शब्द मरतो. मी काय करू?”

आणि खाल्लं. थोडं खाल्लं, पण खाल्लं.

मी तशीच तडक निघाले. माझं डोकं फिरलं की मला रीतभात सुचत नाही. लोसालिनेच्या घरी ती चर्चचा पांढरा कोट इस्त्री करत होती.

“बस,” ती म्हणाली. “चहा?”

“चहा नको. त्याच्या छातीत कफ नव्हता. हृदय बंद पडत होतं.”

इस्त्री कोटावरच राहिली. वाफ यायला लागली तशी तिने उचलली.

“हे तू मला सांगायचं नाहीस.”

“मग कोण सांगणार? सेला सांगू शकत नाही, तो सांगू शकत नाही, तू विचारू शकत नाहीस. तुमचा मान इतका उंच झालाय की त्याखाली माणूस गुदमरतोय. रक्तात चरबी झालीय. साखर झालीय. तू दिलेल्या...” मी तिच्या पोटाकडे बोट केलं. असं बोट करू नये. केलं. “तिला ओरखडा पडलाय. आणि तू दर रविवारी वर लू ओततेस.”

तिने इस्त्री उभी करून ठेवली. मग फार हळू आवाजात, “म्हणजे माझं अन्न त्याला मारतंय?”

“तसं नाही म्हटलं मी.”

“तसंच म्हटलंस. लहानपणी आई मळ्यावर असायची तेव्हा त्याला कुणी भरवलं? मी. तेव्हा आम्हाला एका खोलीत बसायची बंदी नव्हती. माझ्या ताटातलं माशाचं डोळ्याकडचं मांस मी त्याच्या तोंडात घालायची. तो मोठा झाला, दार बंद झालं. मला त्याच्याशी बोलता येत नाही, त्याच्या उशाशी बसता येत नाही. एक ताट होतं माझ्याकडे.” तिने इस्त्रीचा प्लग उपसला. “तू मोठी पुढारीण. मंत्र्यांना ओरडतेस. माझ्या घरात नको ओरडूस. ऊठ.”

मी उठले. तिने दार लावलं, आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी हॉर्न वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

सेलाला वाटलं सुटलो. कुठलं काय! थोरल्या बहिणीने ताट बंद करणं म्हणजे काय असतं ते आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. फेलेतीला वाटलं, ताईला कळलं की तिची वस्तू मी खराब केली, आणि तिने हात काढून घेतला. त्याने गाणं सोडलं. रविवारी दुपारी चर्चचे कपडे न बदलता खुर्ची फाटकाकडे करून बसायचा. सेला वाफवलेले मासे पुढे ठेवायची, ते तसेच. गोळ्या तेवढ्या वेळेवर घ्यायचा, कारण त्या मालकिणीच्या. मी दोनदा लोसालिनेकडे गेले; दार उघडलं नाही. फेलेती मला म्हणाला, “तू तिला काय सांगितलंस?”

“खरं.”

“खरं सगळ्यांना येतं, एसेता. कुणाच्या तोंडून निघावं ह्याला मान म्हणतात.”



त्यात त्याच्या मुलीचा, तिलिसाचा एकविसावा वाढदिवस आला. आमच्यात एकविसावा म्हणजे लग्नाच्या खालोखाल. चर्चच्या मागचा हॉल, बेटावरून आलेले नातलग, अख्खी डुकरं, खेकडे, लू तर घमेल्यांनी. आणि समोर उंच जागा, आत्याची. ती रिकामी राहिली तर तिलिसाला जन्मभराचं बोलणं. प्रार्थना सुरू झाली तरी ती जागा रिकामीच. सेलाच्या ओठाला रक्त आलं होतं चावून चावून.

लोसालिने आली. कमरेला, आमच्यात समारंभाला गुंडाळतात तशी, जुन्यांत जुनी चटई, इतकी विरलेली की दोऱ्याने धरून ठेवलेली. हातात झाकलेली टोपली. कुणाकडे न बघता वर चढली आणि बसली. टोपली पायाशी. हॉलने श्वास सोडला.

जेवण वाढलं. फेलेती मुलीचा बाप, दुसऱ्या टोकाला मानाच्या टेबलावर. नातलगांनी त्याच्यापुढे डोंगर रचला. आजारातून उठलाय, खा रे, खा! त्याचा एक मावसभाऊ पाठीत थाप मारून म्हणाला, “एवढा वाळलास? सेला उपाशी ठेवते काय तुला?” हसले सगळे. फेलेतीने लूचं पान उघडलं. आता नाही कसं म्हणणार? पोरीचा दिवस, बेटावरचे पाहुणे, समोर ताई.

लोसालिने उभी राहिली.

थोरली आत्या मधेच उभी राहत नाही. गाणारे थांबले. तिने तिलिसाला बोलावलं आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “त्या टेबलावरचं ते ताट मला हवं.”

“कुठलं, आत्या?”

“तुझ्या बापापुढचं.”

ती चटई मागू शकते, कापड मागू शकते, डुक्कर मागू शकते. भावाचं भरलेलं ताट मागितलेलं हॉलमधल्या एकाही म्हातारीने पाहिलं नव्हतं. पण हक्क होता. भावाच्या घरातलं आवडेल ते न्यावं, घराने ‘का’ म्हणू नये. तिलिसा बापापुढचं ताट उचलून घेऊन आली. मागून कुणीतरी कुजबुजलं, “हावरी बघा म्हातारी.” कुणीतरी फिसकन हसलं. मी मागे वळून बघितलं तशी हसणाऱ्याची दातखीळ बसली.

लोसालिनेने टोपली मुलीच्या हातात दिली. “आणि हे तिकडे नेऊन दे.”

टोपलीत उकडलेली कच्ची केळी, भाजलेला मासा, अळूची पानं. नारळाचं दूध नाही. चरबीचा डाग नाही. पानं नुसत्या पाण्यात शिजवलेली, थोडा कांदा, लिंबू. आमच्यात असं ताट मानाच्या माणसापुढे ठेवणं म्हणजे अपमान. पण ते ताईकडून आलं होतं, आणि ताईने दिलेलं परत करायचं नसतं.

फेलेतीने मान खाली घातली आणि खायला लागला. माशाच्या डोळ्याकडचं मांस तिने काढून वर ठेवलं होतं. ते त्याने आधी खाल्लं. त्याचे खांदे हलत होते. कुणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं.

मी मागच्या दारी गेले तर लोसालिने कचऱ्याच्या पिंपापाशी उभी. अन्नाचा कणही न टाकणारी बाई, अख्खं ताट उलटं करत होती.

“तू हावरी झालीस गल्लीत,” मी म्हटलं.

“होऊ दे. तुला दार उघडलं नाही मी, म्हणून फुगून बसू नकोस. पुढच्या तपासणीपासून तू माझ्या गाडीतून यायचं.”

तेव्हापासून हे असं आहे. कुठलंही लग्न, कुठलीही मयत, लोसालिने भावाचं ताट मागून घेते. पोरं नक्कल करतात तिची. रविवारी हॉर्न वाजतो, ताटात मासा असतो. तपासणीला ती पार्किंगमध्ये गाडीत बसते, आत येत नाही. मी बाहेर आले की विचारते, “घर कसं आहे?” फेलेतीचं ते मालकीण-घर सेलाने तिला कधीतरी सांगितलं असावं.

“मालकीण आहे तिथे आहे,” मी सांगते. “ओरखडा वाढला नाही. कोलेस्टेरॉल थोडं उतरलं. साखर हट्टी आहे.”

“आणि भिंती?”

भिंतींचं मी जपून सांगते. ती दुसरी रक्तवाहिनी आणखी अरुंद झाली आहे. डॉक्टर म्हणतात, जमेल तेवढं सपाटीवर चालवा, छातीत दुखलं की थांबवा, जिभेखालचा फवारा खिशात ठेवा. वर्षानुवर्षं साचलेलं एका टोपलीने निघत नाही. हे तिला पूर्ण सांगितलेलं नाही. तिने पूर्ण विचारलेलं नाही.

आता संध्याकाळी तो शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारतो. लोसालिने गाडी मैदानाकडे पाठ करून लावते, कारण भावाला असं घामाघूम, हाफपँटमध्ये बघायचं नसतं. आरसा मात्र वाकडा करून ठेवते. मी शेजारी बसते. बोलणं असं नाही. काल गोलच्या खांबापाशी तो थांबला. एक हात खांबावर. लोसालिनेची मान आरशाकडे वळली.

“एसेता, का थांबला तो?”

आरशात माणूस बोटाएवढा दिसतो, पाय तर दिसतच नाहीत.

“बुटाची नाडी बांधतोय,” मी म्हटलं, आणि घाई न दाखवता दार उघडून उतरले. मग पळत सुटले.

फेलेतीच्या पायात सपाता होत्या.